साध्या पाण्यातले सात

मामांना मासे आवडत नसत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सत्तावीस वर्षं मासेघर सांभाळणारा माणूस म्हटलं की लोकांना लगेच गहिवरून येतं. मामा मासे सांभाळत ते मारण्यासाठी, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. कारखानदार आपलं रसायन बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचे. ते सांडपाण्याबरोबर नदीत गेलं तर कितीपर्यंत मासे तग धरतील आणि कुठून पटापट मरायला लागतील, हे शोधायचं काम मामांच्या मासेघरात चाले. मासे मरत आणि मामा मोजत.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामाच म्हणत, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला रखवालदारसुद्धा. वय छप्पन्न, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, वरच्या खिशात काचेची एक बारीक कांडी. मासा तळाशी पडला म्हणजे मेला असं नसतं, काही लबाड नुसते पडून राहतात. कांडीने शेपटीला हलकेच डिवचायचं, कल्ले हलतात का बघायचं, आणि दोन्हीकडून काही उत्तर आलं नाही की मगच वहीत मेला म्हणून लिहायचं. मामांनी मेला म्हटलेला एकही मासा पुन्हा पोहला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि दर आठ-पंधरा दिवसांनी ते हे कुणाला तरी ऐकवत.

चाचणीची पद्धत सोपी होती. काचेच्या सहा टाक्या, प्रत्येकीत नखाएवढे दहा मासे. पाच टाक्यांत रसायन, पहिलीत थोडं, दुसरीत त्याहून जास्त, असं पाचवीपर्यंत चढत जाणारं. सहावीत काहीच नाही, नुसतं साधं पाणी. चार दिवस मासे उपाशी ठेवायचे आणि रोज सकाळी दहाला मेलेले मोजायचे. सगळी भिस्त त्या साध्या पाण्याच्या टाकीवर. तिच्यात दहापैकी एखादा मेला तर खपून जायचं, दोन मेले की अख्खी चाचणी रद्द. साध्या पाण्यातच मासे मरायला लागले, तर बाकीच्या टाक्यांतले रसायनाने मेले असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

आणखी एक गोष्ट होती. कुठली टाकी फळीवर कुठे ठेवायची हे दर वेळी डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरवत, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनात आधीपासून काही बसू नये. टाकी ओळखायची ती फक्त तिच्या कपाळावर टांगलेल्या कार्डावरून. चाचण्यांच्या प्रमुख मॅडम रसायन मोजून पाच बाटल्यांत द्यायच्या आणि मामा कार्ड बघून ते टाक्यांत ओतायचे. मामांना रसायनाचं नावही माहीत नसायचं, मॅडमनाही नसायचं. आलेल्या बाटलीवर नुसता आकडा, नाव ऑफिसातल्या बंद पाकिटात.

या वेळची बाटली आली आणि मामांच्या डोक्याचं भजं झालं.

सोमवारी सकाळी टाक्या लागल्या. मंगळवारी दहाला मामा वही घेऊन आले आणि डाव्या बाजूने मोजत निघाले. पहिली टाकी, दहा जिवंत. दुसरी, दहा जिवंत. तिसरीत चार आडवे. आली का जोरदार टाकी, असं म्हणत त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं. कार्डावर लिहिलं होतं, साधं पाणी.

मामांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग सगळ्यात तीव्र रसायनाची टाकी शोधली. ती उजव्या टोकाला होती, आणि तिच्यातले दहाच्या दहा मासे काचेला नाक लावून मामांकडे बघत होते, खायला कधी देताय म्हणून. शुक्रवारपर्यंत साध्या पाण्यातले सात मेले. विषातले सगळे ठणठणीत.

“टाकी नीट धुतली होती ना, मामा?” मॅडमनी विचारलं. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा मामांनीच त्यांना कांडी धरायला शिकवली होती. “साबण वगैरे राहिला असेल.”

“साबण मी या खोलीत आणतच नाही, मॅडम.”

“तसं नव्हे हो. पण काहीतरी झालंच असेल ना?”

काहीतरी झालंच असणार, हे मामांनाही मान्य होतं. पण काय? पाणी नेहमीच्याच नळाचं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो आणि तो माशांना सोसत नाही, म्हणून मामा पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून चोवीस तास त्यात हवेचे बुडबुडे सोडत. क्लोरिन उडून जाई. तो गेला की नाही हे कागदी पट्टी बुडवून बघत. पट्टीला रंग चढला नव्हता. पाण्याचं तापमान बरोबर, प्राणवायू बरोबर. आणि मुख्य म्हणजे पलीकडच्या मोठ्या हौदातले चारशे मासे मजेत होते. त्यांनाही याच नळाचं पाणी. पाणी वाईट असतं तर ते जगले असते का? हौदातलं पाणी रोज फक्त एक बादली बदलतं आणि टाकीतलं सगळंच्या सगळं नवं असतं, हा फरक मामांना सत्तावीस वर्षांत इतका सवयीचा झाला होता की तो फरक आहे हेच त्यांच्या लक्षात येईना.

टाकीत खरोखर किती रसायन आहे हे मोजणारं एक यंत्र शेजारच्या खोलीत असायचं. ते असतं तर हा घोळ एका दिवसात मिटला असता. पण ते दुरुस्तीला गेलं होतं आणि जिथे गेलं होतं तिथले लोक रोज उद्या देतो म्हणत होते.

दुसऱ्या आठवड्यात मामांनी कोऱ्या करकरीत टाक्या काढल्या. तीन पाण्यांनी धुतल्या, हात कोपरापर्यंत धुतले. रसायन ओतताना प्रत्येक कार्ड मोठ्याने वाचलं आणि वहीत बरोबरची खूण केली. शुक्रवारी हिशेब तोच. साध्या पाण्यातले सात मेलेले, विषातले सगळे टुणटुणीत.

“मामा,” मॅडम या वेळी खुर्चीवर बसून बोलल्या आणि मामांनाही बसायला सांगितलं, म्हणजे बोलणं सोपं नव्हतं. “राग मानू नका. कार्डांची अदलाबदल तर नाही ना झाली?”

“दोन्ही वेळा?”

“तेच मला कळत नाहीये. पण तुम्हीच सांगा, साध्या पाण्यात मरतात आणि औषधात जगतात, असं कधी पाहिलंय तुम्ही?”

मामांनी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नसावं.

“वरचे साहेब विचारताहेत,” मॅडम म्हणाल्या. “तिसऱ्यांदा असंच झालं तर मासेघरासाठी बाहेरून माणूस आणू म्हणतात. तुम्हाला नमुन्यांच्या खोलीत बसता येईल. तिथे ताण नाही. दोनच वर्षं राहिलीत ना तुमची?”

आता मामांना मासेघर जाण्याचं दुःख झालं हे खरं, पण त्याहून मोठं भूत त्यांच्या मानगुटीवर बसलं ते वेगळंच. मामांचे वडील घड्याळं दुरुस्त करत. सत्तावन्नाव्या वर्षी एका गिऱ्हाइकाचं गजराचं घड्याळ त्यांनी उघडलं, सगळे स्क्रू ओळीने मांडले, आणि त्या ओळीकडे तासभर बघत बसले. मग त्यांनी बायकोला हाक मारून विचारलं की हे काय आहे आणि हे माझ्यासमोर कुणी आणून ठेवलं. तिथून पुढे सहा वर्षांत ते घड्याळं विसरले, मग गल्ली विसरले, मग मुलांची तोंडं. आपलं काही चुकतंय हे त्यांना कधी पटलंच नाही. घरातले सगळे मिळून आपल्याला बनवताहेत, असं ते शेवटपर्यंत म्हणत.

मामांना पुढच्या वर्षी सत्तावन्न लागणार होतं.

त्या रविवारी ते घरात नुसते फिरत राहिले. गॅस बंद केला का, म्हणून तीनदा स्वयंपाकघरात डोकावून आले. बायको भाजी निवडत बसली होती. थोड्या वेळाने ती अगदी सहज विचारल्यासारखं करून म्हणाली, “अहो, परवा आपल्याकडे कोण आलं होतं हो? माझ्या लक्षातच येईना.”

“तुझी मावसबहीण. निळी पर्स घेऊन. पर्स विसरून गेली आणि अर्ध्या जिन्यातून परत आली,” मामा म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “तू माझी परीक्षा घेतेयस?”

“काहीतरीच बोलता!” बायको म्हणाली आणि निवडलेल्या भाजीतली काडी पुन्हा निवडलेल्या भाजीतच टाकली.

म्हणजे हिलाही दिसतंय तर. मॅडमनी संशय घेतला तेव्हा त्यांना राग आला होता. बायकोने घेतला तेव्हा भीती वाटली.

तिसरी चाचणी सोमवारी लागली. मामांनी इतकी काळजी घेतली की त्या काळजीचीच त्यांना भीती वाटायला लागली. बाटली उचलायची, तिच्यावरचं प्रमाण वाचायचं, कार्ड वाचायचं, ओतायचं, खूण करायची, आणि ओतून झाल्यावर आपण खरंच ओतलं का म्हणून रिकाम्या बाटलीत डोकावायचं. साध्या पाण्याची टाकी या वेळी उजवीकडून दुसरी आली होती. तिला त्यांनी बोटही लावलं नाही.

मंगळवारी दहाला तिच्यात चार मासे आडवे होते.

मामा स्टुलावर बसले. मॅडम वरच्या मजल्यावर बैठकीला गेल्या होत्या, दुपारपर्यंत येणार नव्हत्या. पंपाची घरघर चालू होती. मामांनी वही उघडली. खुणा त्यांच्याच हातच्या, एकही चुकलेली नाही. पण वडीलही प्रत्येक स्क्रू जागच्या जागी मांडायचे. मामांनी डोळे मिटून कालची सकाळ आठवायचा प्रयत्न केला. आधी स्वच्छ आठवलं. तीव्र बाटली डाव्या टोकाच्या टाकीत. पुन्हा आठवलं, तर आपला हात थोडा उजवीकडे जाताना दिसला. तिसऱ्यांदा आठवलं तेव्हा ते स्वतःला सरळसरळ साध्या पाण्याच्या टाकीत विष ओतताना बघत होते, बाटलीच्या तोंडाशी आलेल्या शेवटच्या थेंबासकट.

यातलं खरं कुठलं? माणूस आपल्या डोक्याला विचारणार, आणि बिघडलंय ते डोकंच असेल तर?

एक गोष्ट मात्र पक्की होती, साध्या पाण्याने मासे मरत नाहीत. हे मामांना ठाऊक होतं, मॅडमना ठाऊक होतं, शाळेतल्या पोराला ठाऊक होतं. मग या टाकीत साधं पाणी नाहीच. तीव्र औषध आहे. कार्ड चुकलंय, आणि कार्ड लावणारा चुकलाय. चुकलेलं दुरुस्त करायला काय हरकत आहे?

ते उठले. उजवीकडच्या दुसऱ्या टाकीवरचं कार्ड काढलं, डाव्या टोकाच्या टाकीवर टांगलं. तिथलं काढून इथे टांगलं. वहीतलं ते पान जपून फाडलं आणि नव्या पानावर नव्या जागा लिहून पुन्हा त्याच खुणा केल्या. या कामाला पाच मिनिटंही लागली नाहीत.

शुक्रवारी निकाल लागला. साधं पाणी, दहा जिवंत. तीव्र औषध, सात मेलेले. अगदी पुस्तकात छापावं तसं.

“बघा!” मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी मामांच्या हातातली वहीच ओढून घेतली. “मी म्हटलं नव्हतं? मामांच्या हाताची सर कुणाला येणार! सोमवारी अहवाल पाठवून देऊ.”

मामा हसले. हसावं लागलं. डोकं मात्र गरगरत होतं. आपण कार्डं चुकवली असतील आणि मग दुरुस्त केली असतील, तर तीन आठवडे ओळीने आपण तीच चूक केली. म्हणजे वडिलांच्या वाटेला लागलो. आणि चुकवली नसतील तर आपण धादांत खोटं काम केलंय. त्यांना दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं असतं तर ते मध्येच बसून राहिले असते. अहवालात त्या रसायनाच्या आकड्यापुढे विषारी असं लिहिलं जाणार होतं. ते खरं की खोटं, तेही त्यांना सांगता आलं नसतं.

शनिवारी मामा थोरल्या बहिणीला घेऊन डायलिसिसला जात. ताईची मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी संपावर गेली होती. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवून घ्यावं लागे, बुधवारी मुलगा नेई आणि शनिवारी मामा. ताई यंत्राला शिव्या घालत चार तास झोपून राही आणि मामा शेजारी बसून पेपर वाचत. त्या दिवशी यंत्र सुरू व्हायलाच उशीर झाला.

“काय भानगड आहे?” ताईने विचारलं. “रोज नवीन नाटक तुमचं.”

“गाळणी बदलतोय, आजी. पाच मिनिटं,” यंत्र चालवणारा म्हणाला. हातातला जाडजूड नळकांड्यासारखा भाग त्याने खाली ठेवला. “पाणीखात्याचं पत्र आलं होतं. गेल्या महिन्यापासून नळाच्या पाण्यात वेगळं औषध टाकताहेत. आता मोठी गाळणी लागते, तीही सारखी बदलावी लागते, नाहीतर ते थेट पेशंटच्या रक्तात जाईल.”

मामांनी पेपर खाली केला. “वेगळं म्हणजे? क्लोरिनच ना?”

“क्लोरिनच, पण दुसऱ्याशी जोडलेला. पाणी लांबच्या नळांपर्यंत चांगलं राहावं म्हणून. साधा क्लोरिन थोड्या वेळाने उडून जातो ना, हा जात नाही.”

“चोवीस तास हवेचे बुडबुडे सोडले तरी?”

“चार दिवस सोडा. बसलाय तिथेच बसणार.”

“पट्टीवर दिसेल की!” मामांचा आवाज इतका चढला की पलीकडच्या पेशंटने मान वळवली.

“नेहमीच्या पट्टीवर नाही दिसत. ती मोकळा क्लोरिन दाखवते, हा बांधलेला. त्याची पट्टी वेगळी मिळते.” मग तो आपणहून म्हणाला, “तुमच्याकडे मासे आहेत का? पत्रात लिहिलं होतं, डायलिसिसवाल्यांनी आणि मासे पाळणाऱ्यांनी सावध राहा म्हणून.”

मामा उभे राहिले आणि पुन्हा बसले. मग त्यांना हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसण्याचं राहिलं नाही. साध्या पाण्याने मासे मारले होते! कार्डं बरोबर होती. तिन्ही आठवडे बरोबर होती. हात बरोबर होता, खुणा बरोबर होत्या, पहिल्यांदा स्वच्छ आठवली होती ती सकाळच खरी होती.

“अरे बाळ्या, काय झालं तुला?” ताईला सुई टोचलेली, उठता येईना. जगात मामांना बाळ्या म्हणणारी ती एकटीच उरली होती. “बोल की! मेलं कोण?”

मामांनी तिला सगळं सांगितलं. टाक्यांचं, कार्डांचं, बाबांचं. बाबांचं नाव निघालं तेव्हा ताईने मोकळा हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं. कार्डं बदलल्याचं सांगितलं तेव्हा तिने ते सोडलं.

“हे बघ,” ती म्हणाली. “तुझं डोकं शाबूत आहे, हे कळलं ना? बास झालं. पाण्याचं सांग त्यांना, पुढच्या वेळी उपयोग होईल. त्या कार्डांचं कशाला बोलतोस? कुणी बघितलं?”

“कुणी नाही.”

“मग झालं तर. उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.”

रविवारभर मामा बायकोशी इतके गोड वागले की तिला नवीनच काळजी लागली.

सोमवारी मामा नेहमीपेक्षा आधी पोचले. अहवाल टाइप होऊन मॅडमच्या टेबलावर होता, सही व्हायची होती. मामांनी उभ्याउभ्याच पाण्याची हकिगत सांगितली. मॅडम ऐकता ऐकता खुर्चीच्या टोकावर आल्या. त्यांनी ऑफिसात फोन लावून रसायनाचं पाकीट फोडायला सांगितलं आणि नाव ऐकताच कपाळावर हात मारून घेतला.

“मामा, कापड ब्लीच केल्यावर त्यात क्लोरिन उरतो ना, तो मारायला वापरतात हे! याचं कामच क्लोरिन मारायचं!”

“म्हणजे विषातले मासे...”

“विषाने वाचवले त्यांना! पाण्यातला क्लोरिन त्याने खाऊन टाकला. आणि साध्या पाण्यातल्यांना वाचवणारं कुणीच नव्हतं.” मॅडम हसत होत्या, टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. “पहिल्या दोन्ही वेळा तुमचं काही चुकलंच नव्हतं, मामा! मी उगाच...”

आणि त्या थांबल्या. त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी टेबलावरचा अहवाल ओढून घेतला आणि पेन्सिलीचं टोक त्या ओळीवर ठेवलं, साधं पाणी, दहा जिवंत.

“पण पाणी तर तिसऱ्या वेळीही तेच होतं,” त्या म्हणाल्या. “मग हे दहा जगले कसे?”

मॅडमनी वर पाहिलं. त्या हुशार होत्या, आणि स्वभावाने चांगल्याही होत्या, त्यामुळे मामांना सांगायला लागू नये म्हणून उत्तर त्यांनीच शोधून दिलं.

“कार्डं लावताना गडबड झाली असेल, नाही का? दोनदा अपेश आलं, वरून साहेबांचा तगादा, डोक्यावर ताण. आणि मामा, खरं सांगू का, वयही झालंय. माझ्या आजोबांचं असंच व्हायचं. यात लाजण्यासारखं काही नाही.” त्यांनी कोरा कागद घेतला. “मी लिहिते, तिसऱ्या चाचणीत विस्मरणामुळे कार्डांची अदलाबदल. तिन्ही चाचण्या रद्द, पाणी बदलून नव्याने सुरुवात. कुणी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. तुम्ही नमुन्यांच्या खोलीत आरामात बसा.”

विस्मरणामुळे. मामांनी तो शब्द मॅडमच्या पेनातून उतरताना उलटा वाचला. त्यावर नुसती सही करायची, आणि दोन वर्षांनी हार घालून घेऊन घरी जायचं. सगळे सांभाळून घेतील, हळू बोलतील, चहाचा कप हातात नीट धरला का बघतील. बायको परवा कोण आलं होतं म्हणून विचारत राहील. बाबांना सहा वर्षं सगळ्यांनी असंच सांभाळून घेतलं होतं.

“विस्मरण नाही, मॅडम.”

“अहो मामा, मी तुमच्यासाठीच...”

“कळतंय मला. पण मी काही विसरलो नव्हतो. कार्डं बरोबर होती. मंगळवारी, दहा वाजून वीस मिनिटांनी, तुम्ही वर होतात तेव्हा, ती मी काढली आणि बदलली. वहीचं पान फाडलं. दुसरं लिहिलं. मला सगळं आठवतंय.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“मामा, तुम्हाला कळतंय का, हे लिहिलं तर मी तुम्हाला वाचवू शकत नाही. नमुन्यांची खोलीसुद्धा नाही. चौकशी लागेल. सत्तावीस वर्षांच्या सगळ्या वह्या उघडतील.”

“उघडू देत. त्यांत काही नाही.”

“का केलंत तुम्ही असं?” मॅडमचा आवाज आता रागाचा होता, आणि मामांना तो आधीच्या मऊ आवाजापेक्षा बरा वाटला.

“मला वाटलं, माझंच डोकं गेलं. हातांवर विश्वास राहिला नाही. आणि साध्या पाण्याने मासे मरतात असं कुणाला सांगणार होतो?” मामांनी दुसरा कोरा कागद आपल्याकडे ओढला. “मी लिहितो. माझ्या हाताने.”

त्यांनी तारीख टाकली, वेळ टाकली, कुठलं कार्ड कुठून काढून कुठे लावलं ते लिहिलं, आणि मग जाणूनबुजून हा शब्द लिहून खाली सही केली. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि मासेघराची किल्ली मागितली. मामांनी ती दिली. सकाळचे साडेदहाच वाजले होते.

एवढ्या लवकर दारात नवऱ्याला बघून बायकोच्या हातातला झाडू तसाच राहिला.

“अहो, काय झालं? बरं नाही का?”

“मला घरी पाठवलंय. चौकशी होईपर्यंत. बहुतेक कायमचंच,” मामा म्हणाले. “मी वही खोटी लिहिली.”

“तुम्ही?” बायकोने झाडू भिंतीला टेकवला. या माणसाला शिक्षा झाली म्हणून रडावं, की असा आनंदाने उंबऱ्यात उभा आहे म्हणून डॉक्टरला बोलवावं, हे तिला कळेना. “आणि हसताय काय असे?”

“विचार,” मामा चपला काढता काढता म्हणाले. “काय हवं ते विचार मला. परवाचं विचार, गेल्या वर्षीचं विचार. सगळं सांगतो.”